रकाना सात

वाशी स्टेशनवरचा टॉवर, सहावा मजला.
मार्च संपायला चार दिवस, आणि मी
हिर्लेकर न्यासाला पाठवायच्या अहवालात
रकाना सातपाशी अडले आहे:
'अनुदानामुळे काय घडले?'

खर्चाचे रकाने सोपे होते.
बावीस जण, चौदा दिवस, चहा-बिस्किटं.
उरणहून बसचं भाडं.
उसने आणलेले तीन किरणमापक, त्यांचा विमा.
केळी, एक डझन, पावती जोडली आहे.
केळ्यातही किंचित किरणोत्सार असतो म्हणे;
यंत्रासमोर धरायला आणली,
आणि जेवणाच्या सुट्टीत पुराव्यासकट खाल्ली.

"केळी, खत, ग्रॅनाइटची लादी, सगळ्यांवर ते ओरडतं,"
डॉक्टर वर्टी म्हणाले.
"ओरडलं तर सोपं.
ते गप्प असतं तेव्हा तुम्हाला कागद वाचता आला पाहिजे."

पाचव्या दिवशी मागच्या बाकावरून कुणी विचारलं,
"सर, आपल्याकडे आहेच की. मग दुसऱ्याला का नको?"
खिडकीत खाडी, आणि खाडीपलीकडे
उन्हात उकडलेल्या अंड्यासारखा तो घुमट.
वर्टी बराच वेळ खडू बोटांत फिरवत राहिले.
काय बोलले ते मी टिपून घेतलं नाही.
टिपण्याजोगं ते उत्तर नव्हतं,
पण बोलताना त्यांनी घुमटाकडे पाठ केली नाही.

मग टेबलावर ठेवली एक झडप.
मुठीएवढी. पोलादाची. अजून चकचकीत.
"हिच्यातून दूध जाईल, औषध जाईल,
तिसरंच काही जाईल. हिला काय त्याचं?"

झडप हिर्लेकरांची.
रबाळ्याच्या गाळ्यात, सत्त्याऐंशी साली
अशा चाळीस केल्या त्यांनी, आखातातल्या कुठल्याशा डेअरीसाठी.
पैसे सगळे आगाऊ आले,
तेव्हाच खटकायला हवं होतं, म्हणत.
सहा वर्षांनी दोन माणसं आली, फोटो घेऊन.
"ही तुमची?"
आपल्या हातचं काम माणूस नाकारणार कसं?
हो म्हणाले.
ती कुठे सापडली, ते दोघांनी सांगितलं नाही.
त्या दिवसापासून चहा कोरा.

गाळा विकला तेव्हा मुलाला वाटलं, फ्लॅट येईल.
आला हा न्यास.
पहिल्या वर्गाला नारळ फोडून खाली बसताना
एवढंच म्हणाले, "मला कुणी शिकवलं नव्हतं."

गेल्या भाद्रपदात ते गेले.
आता मुलाची पत्रं येतात, सभ्य, मुद्देसूद:
मोजता येईल असं काही कळवा.
बाक दिले की बाक दिसतात.
विहीर खणली की पाणी लागतं.

चुकीचं नाही त्यांचं.
पण मी काय लिहू प्रणोती तांडेलबद्दल?
करंजाची पोरगी. आई उरणच्या बाजारात
नुसत्या नजरेनं टोपलीचं वजन सांगते.
प्रणोतीनं न्हावा-शेव्याला एका खोक्याचा कागद वाचला:
'शेतीपंप, सुटे भाग.'
वजन वाचलं. परत वाचलं.
"पंप एवढे हलके नसतात, साहेब.
आणि शेतातल्या पंपाला कुणी
नवरीच्या दागिन्यासारखं फोममध्ये निजवतं होय?"

नऊ दिवस खोकं अडकलं.
वरून फोन आले, दलाल येऊन बसला,
तिची दोनदा बदली होता होता राहिली.
मग एका सकाळी पाठवणाऱ्यानंच माल मागे घेतला.
आत काय होतं, तिला कुणी सांगितलं नाही.
कदाचित पंपच असतील.

मी लिहिते: 'काही घडले नाही.'
वाचून बघते. यावर पुढल्या वर्षीचा चेक कोण देईल?
खोडते.
लिहिते: 'एक.' तेही खोडते.

शेवटी प्रणोतीला फोन लावते.
मागे क्रेनचा आवाज. "त्या खोक्याचं वजन किती होतं गं?"
क्षणभरही थांबत नाही ती.

रकाना सातमध्ये मी तेवढंच भरते:
तीनशे अठरा किलो.

सोबत: केळ्यांची पावती.